आधी खुर्ची ठेवून बघा : छोट्या बागेबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांमध्ये झाडांपेक्षा जागेबद्दलचेच प्रश्न जास्त आलेत आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला, कारण छोटी बाग बिघडते ती बहुतेक वेळा झाडांमुळे नाही, तर बसायचं कुठे आणि चालायचं कुठून हा विचार सगळ्यात शेवटी केल्यामुळे. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, घरामागे ४ मीटर बाय ६ मीटरची जागा आहे, तिन्ही बाजूंनी भिंत. हौसेने सहा जणांचा डायनिंग सेट घेतला, टेबल १८० बाय ९० सेंमीचं. मांडल्यावर आता दारातून बाहेर पडायचं तरी अंग चोरून जावं लागतंय आणि कडेने झाडं लावायची होती ती तर राहूनच गेली. सेट विकून टाकू की बागेचाच प्लॅन बदलू?

उत्तर : सेट लगेच विकू नका, आधी मापं बघू. दुकानात आपण टेबलाचं माप विचारतो पण टेबलाला लागणारी जागा वेगळीच असते. माणूस बसताना उठताना खुर्ची मागे सरकवतो, त्याला टेबलाच्या कडेपासून ७५ ते ९० सेंमी तरी लागतात. म्हणजे तुमच्या टेबलाला चारी बाजूंनी ९० सेंमी धरले तर ३.६ बाय २.७ मीटर, जवळजवळ पावणेदहा चौरस मीटर झाले. तुमची अख्खी जागा २४ चौरस मीटर. म्हणजे ४० टक्के बाग नुसत्या खुर्च्या मागेपुढे करण्यात गेली, आणि बसलेल्या माणसाच्या मागून कोणाला जायचं असेल तर आणखी ६० सेंमी हवेत. अंग चोरावं लागणारच!

आता मला खरंखरं सांगा, सहा जण एका वेळी किती वेळा बसतात? रोज दोघंच बसत असाल तर बाग त्या दोघांसाठी मांडायची असं माझं ठाम मत आहे. पाहुणे आले की घडीच्या खुर्च्या काढता येतात, पण पाहुण्यांसाठी मांडलेलं टेबल वर्षभर आपल्याच वाटेत उभं असतं. दोघांना ६०-७० सेंमीचं गोल टेबल आणि दोन खुर्च्या खूप झाल्या, सगळं मिळून साधारण २.२ मीटर बाय १ मीटरच्या पट्ट्यात मावतं. शिवाय वाफ्याची कड म्हणून ४५ सेंमी उंचीचा आणि ३५-४० सेंमी रुंदीचा बुटका कट्टा बांधलात तर त्यावर तीन-चार माणसं आरामात टेकतात आणि एरवी तो कट्टा फर्निचर वाटतसुद्धा नाही. छोट्या बागेत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कुठली विचाराल तर हा कट्टा.

प्लॅन कागदावर काढा, त्याला आर्किटेक्ट लागत नाही. १ मीटरला ४ सेंमी असं प्रमाण धरलं की तुमची जागा १६ बाय २४ सेंमी होते, ए-फोर कागदावर छान बसते. मग त्याच प्रमाणात टेबल, खुर्ची, कट्टा असे पुठ्ठ्याचे तुकडे कापा (खुर्चीचा तुकडा मागे सरकवलेल्या खुर्चीचा कापायचा, हे विसरू नका) आणि ते हलवत बसा. दोन संध्याकाळी यात गेल्या तरी वाया जात नाहीत. जे पटेल ते जमिनीवर खुंट्या आणि सुतळीने आखा. गोलाई हवी असेल तर पाण्याचा पाइप वळवून टाका आणि त्यावर चुन्याची फक्की मारा. काटकोन बरोबर आलाय का हे बघायला कोपऱ्यापासून एका सुतळीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम. घरातली एक साधी खुर्ची बाहेर नेऊन आठवडाभर बसा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, वेगवेगळ्या कोपऱ्यात. मी स्वतः माझ्या बागेत बसायची जागा एकदम टोकाला ठरवली होती, कागदावर फार सुंदर दिसत होती. खुर्ची टाकून बसले तर रोज संध्याकाळी समोरच्या काचेवरून उन्हाची तिरीप थेट डोळ्यात यायची, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच लक्षात आलं की मी हातात भरलेला कप घेऊन तिथपर्यंत जातच नाहीये, दारापासून चार पावलांवरच टेकतेय. फरशी टाकून झाल्यावर हे कळलं असतं तर काय केलं असतं? आज माझं टेबल त्या चार पावलांवरच आहे आणि टोकाच्या जागेत एक झाड आहे, जे बसल्याबसल्या दिसतं. ज्या महिन्यात बघाल त्याचं भानही ठेवा, हिवाळ्यात सूर्य खालून जातो, सावल्या लांब पडतात, उन्हाळ्यात तीच जागा पूर्ण उन्हात असू शकते.

एक मात्र करू नका, तिन्ही भिंतींना चिकटून ३० सेंमीचा पट्टा ठेवून त्यात ओळीने झाडं! प्रत्येक दुसऱ्या बागेत हेच असतं आणि त्याने जागा आणखीनच खोक्यासारखी दिसते. भिंतीच्या पायाशी पाऊसही नीट पोचत नाही, माती कायम कोरडी राहते, म्हणून वेलसुद्धा भिंतीपासून ३०-४५ सेंमी लांब लावून भिंतीकडे तिरका न्यावा लागतो. त्यापेक्षा एकाच कोपऱ्यात पुढून मागे दीड मीटर रुंद असा भरदार वाफा करा, पुढे बुटकी, मध्ये झुडपं, मागे उंच. एका बाजूने हात साधारण ६० सेंमीच पोचतो म्हणून मध्ये एखादा पाय ठेवायचा दगड टाकून ठेवा. आणि फरशी भिंतीला समांतर न लावता तिरकी लावता आली तर बघा, तुमच्या जागेची लांबी ६ मीटर आहे पण कोपऱ्यातून कोपऱ्यात ७.२ मीटर भरते, नजर त्या तिरक्या रेषेने गेली की जागा मोठी वाटते.

प्रश्न : सगळं एकदम करायचं बजेट नाही. आधी झाडं आणि फर्निचर घेऊन फरशी वगैरे नंतर केली तर चालेल का?

उत्तर : नाही, उलटं करा. जे जमिनीखाली जातं ते पहिलं : पाण्याचा निचरा, नळाचा पाइप, लाइटच्या वायरीसाठी रिकामा पाइप. आत्ता लाइट घ्यायचे नसले तरी तो रिकामा पाइप टाकून ठेवाच, नंतर तयार फरशी फोडताना रडू येतं. मग फरशी. तिला घरापासून बाहेरच्या दिशेला मीटरमागे दीड सेंमी तरी उतार हवा, आणि ती जोत्याच्या पातळीपेक्षा निदान १५ सेंमी खाली, नाहीतर पावसाचं पाणी उडून भिंतीत ओल येते. त्यानंतर माती आणि मोठं झाड. झाड लवकर लावलं तर त्याला वाढायला वेळ मिळतो. फर्निचर सगळ्यात शेवटी आलं तरी काही बिघडत नाही, तोपर्यंत घरातल्या खुर्च्या आहेतच. बांधकाम चालू असताना नवी रोपं आणून ठेवू नका, सिमेंटची धूळ आणि माणसांचे पाय यात अर्धी जातात.

प्रश्न : घराच्या बाजूला दीड मीटर रुंद सावलीचा पट्टा आहे, तिथे लॉन करावं म्हणतोय. जमेल?

उत्तर : नका करू. दिवसातून चार तासही थेट ऊन नसेल तर गवत विरळ होतं, शेवाळ धरतं, आणि पट्टा अरुंद असल्यामुळे सगळे त्याच्या मधूनच चालणार. तिथे ५ सेंमी खडी आणि मध्ये चालायला दगड, कडेने सावलीत वाढणारी पानांची झाडं, बस. खडीखाली पाणी झिरपू देणारं कापड टाका, प्लॅस्टिक नको, आणि खडी थांबवायला कडेला काहीतरी काठ हवाच, नाहीतर दोन महिन्यांत घरभर खडे. दगडांमधलं अंतर तुमच्या पावलांनी ठरवा, नेहमीसारखं चालत जा आणि जिथे पाऊल पडेल तिथे खूण करा.

प्रश्न : बागेतला लाकडी बाक चार वर्षांत खालून कुजला. दरवर्षी तेल लावत होते तरी. वरून अजून चांगला दिसतो, फेकवत नाही. आता लाकूड घ्यावं की लोखंड की प्लॅस्टिक?

उत्तर : तुमचं पत्र वाचून एक बाक डोळ्यासमोर आला, माझ्याकडे दुरुस्तीसाठी दाखवायला आणला होता. बसायच्या फळ्या एकदम ठणठणीत. उलटा केला तर चारही पायांची टोकं काळी पडलेली, स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर दोन सेंमी सहज आत गेलं, आणि बाहेर आलं ते ओलं भुसकट. लाकडाची जी कापलेली टोकं असतात ना, तिथे झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, फळीच्या बाजूपेक्षा तिथून पाणी कितीतरी पटीने जास्त शोषलं जातं. आणि बाकाच्या पायाची नेमकी तीच टोकं ओल्या मातीत किंवा फरशीवरच्या साचलेल्या पाण्यात उभी असतात. आपण मात्र तेल लावतो वरच्या फळ्यांना, कारण त्या दिसतात.

तुमचा बाक वाचू शकतो. कुजलेला भाग चांगलं घट्ट लाकूड लागेपर्यंत कापून टाका (चारही पाय सारखे, बाक दोन-तीन सेंमी बुटका झाला तर बसताना कळतही नाही), पूर्ण वाळू द्या, कापलेल्या टोकांना इपॉक्सी (लाकडात मुरून कडक होणारा डिंकासारखा द्रव) दोन-तीन हात पाजा आणि खाली रबरी बूट किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या लावा, म्हणजे पाय जमिनीपासून जरा वर राहतील. बाक मातीत असेल तर प्रत्येक पायाखाली एक फरशीचा तुकडा.

नवीन घ्यायचं असेल तर सागवान उत्तम, त्यात स्वतःचंच नैसर्गिक तेल असतं. उघड्यावर ते राखाडी होतं, तो रंग फक्त वरच्या थराचा आहे, लाकूड खराब झालेलं नसतं. तेल लावून रंग टिकतो, आयुष्य फारसं वाढत नाही, मला स्वतःला तो राखाडीच आवडतो. प्रेशरच्या पाण्याने मात्र धुऊ नका, मऊ रेषा उडून जातात आणि फळी खरखरीत होते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का बघा, साध्या लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग पडतात.

अॅल्युमिनियम हलकं आणि गंजत नाही, ज्यांना सारखं उचलून ठेवायचंय त्यांच्यासाठी बरं, पण उन्हात तापतं आणि जोराच्या वाऱ्यात उडतं. लोखंडावर पावडर कोटिंग असेल तर जिथे टवका उडेल तिथे त्याच दिवशी रंग लावायचा, कारण गंज कोटिंगच्या खालून पसरतो आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेसमध्येही ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड घ्या, खाऱ्या हवेत ३०४ वर तपकिरी डाग येतात. वेतासारखं दिसणारं प्लॅस्टिक विणकाम घेताना ते एचडीपीईचं (उन्हात टिकणाऱ्या प्लॅस्टिकचं) आहे का विचारा, स्वस्तातलं पीव्हीसी उन्हात कडक होऊन तुटतं. आणि काहीही घ्या, घेण्याआधी दुकानात त्यावर दहा मिनिटं नीट टेकून बसा!

प्रश्न : गच्चीवर बाग करतोय. मोठ्या कुंड्या आणि एक मांडव टाकायचा विचार आहे. वजनाची भीती वाटते. मोठ्या कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे भरले तर निचरा पण होईल आणि वजन पण कमी होईल ना?

उत्तर : दोन्ही होत नाही. विटा काही मातीपेक्षा फारशा हलक्या नसतात. आणि निचऱ्याचं म्हणाल तर बारीक मातीतलं पाणी जाड तुकड्यांच्या थरात सहज उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओलीचा पट्टा उलटा वर सरकतो आणि मुळांना जागा कमी मिळते. भोक मोठं ठेवा, त्यावर एक जाळीचा तुकडा, आणि थेट माती. कुंडी दोन-तीन सेंमी उंच पायांवर, म्हणजे पाणी खालून निघून जाईल आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंगही वाळत राहील.

भीती वाटते हे चांगलंच आहे. ओली बागेची माती लिटरला दीड ते दोन किलो भरते. ४५ सेंमी व्यासाची आणि तेवढीच उंच सरळ कुंडी म्हणजे ७० लिटर, म्हणजे कुंडीचं वजन सोडून शंभर किलोच्या वर, आणि अशा दहा कुंड्या म्हणजे एक टन. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), कंपोस्ट आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) यांचं मिश्रण बरंच हलकं पडतं, कुंडी फायबरची घ्या. भारी कुंड्या गच्चीच्या मध्यावर नकोत, बीम आणि भिंतींच्या वर, कडेने. आणि मांडव टाकणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक खांबही उभा करू नका, इथे माझं किंवा कोणाचंच अंदाजाने सांगणं कामाचं नाही. मांडवात वजनापेक्षा वारा जास्त त्रास देतो, वर पक्कं छत टाकलंत तर वारा ते शिडासारखं उचलतो, म्हणून पट्ट्या-पट्ट्यांचं ठेवा. उंची २.२ ते २.४ मीटर, कारण वेल चढली की ती २०-३० सेंमी खाली लोंबते हे आधी कोणी धरतच नाही. आणि खुर्चीच्या डोक्यावर बोगनवेल नको, काटे पडतात.

प्रश्न : आमची बाग अगदी लहान, भिंतीला आरसा लावला की मोठी दिसते असं वाचलं. लावू का?

उत्तर : आरशाला माझा विरोध आहे. पक्ष्यांना त्यात आकाश आणि झाडं दिसतात आणि ते येऊन आदळतात. रंगाने बरंच काम होतं. इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल (१८४३-१९३२) आधी चित्रकार म्हणून शिकल्या आणि मग बागांकडे वळल्या. लांबलचक वाफ्यात त्या दोन्ही टोकांना निळे, करडे, फिके रंग ठेवायच्या आणि मध्यावर लाल-केशरी. निळे-फिके रंग नजरेला लांब जातात, लाल-केशरी जवळ येतात. तुमच्या लहान जागेत हेच असं वापरा की भडक फुलं दाराजवळ आणि फिकी मागच्या भिंतीशी. भिंत पांढरी असेल तर ती डोळ्यात भरते आणि बाग तिथेच संपते हे सांगते, गडद हिरवट-करडा रंग दिलात तर पानांमागे भिंत विरघळून जाते.

दुसरं, भिंतीपलीकडे काय दिसतं ते बघा. शेजारचं मोठं झाड, लांबची टेकडी, नुसतं आकाश. जपानी बागेत याला शाक्केइ म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य, आपली झाडं अशी लावायची की पलीकडचं झाड आपल्याच बागेचा भाग वाटावं. त्यांच्याकडे घराच्या आत त्सुबोनिवा नावाच्या चिमुकल्या बागाही असतात, एक त्सुबो म्हणजे साधारण ३.३ चौरस मीटर, दोन चटयांएवढी जागा. एक दगड, एक पाण्याचं भांडं, दोन-तीन झाडं आणि बाकी मोकळं! मी लोकांना नेहमी हेच सांगते की पाच छोट्या कुंड्या काढा आणि एक मोठी ठेवा, बारीकसारीक वस्तू जितक्या जास्त तितकी जागा लहान दिसते. सगळी बाग दारातूनच एका नजरेत दिसू देऊ नका, मध्ये कमरेएवढं एखादं गवत किंवा झुडूप आलं आणि त्याच्यामागे काय आहे बघायला दोन पावलं टाकावी लागली तरी खूप फरक पडतो.

प्रश्न : आई आता वॉकर घेऊन चालते. तिला बागेत बसता यावं म्हणून काय बदल करू?

उत्तर : हे पत्र मला सगळ्यात जवळचं वाटलं. वाट ९० सेंमी रुंद, एकसंध, ओली झाली तरी न घसरणारी. खडी आणि दगडांमधल्या फटी नकोत, वॉकरचे पाय अडकतात. दाराशी पायरी असेल तर उतार करा, १ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी, म्हणजे १५ सेंमीच्या पायरीला १.८ मीटर. तेवढी जागा नसेल तर १२ सेंमीच्या बुटक्या रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडा. पुढे कधी व्हीलचेअर लागली तर वळायला दीड मीटरचा मोकळा चौक लागतो, तो आत्ताच ठेवा. खुर्ची खोल आणि बुटकी नको, ४५ ते ५० सेंमी उंच आणि हात असलेली, कारण उठताना माणूस हातांवर जोर देतो. आणि दारापासून लांबच्या खुर्चीपर्यंत जाताना मध्ये टेकायला अजून एक जागा ठेवा. ७० सेंमी उंच वाफा केलात आणि खाली गुडघे जातील अशी जागा ठेवलीत तर त्यांना बसून मातीत हात घालता येईल. बघायला मिळणं आणि हात घालायला मिळणं यात फार फरक आहे हो.

प्रश्न : संध्याकाळी बसायला लाइट कसे लावावेत? फ्लडलाइट लावला तर मैदानासारखं वाटतं.

उत्तर : तो काढा. जमिनीजवळचे, बल्ब डोळ्याला न दिसणारे, २७०० केल्विनचे पिवळसर लाइट घ्या, पांढऱ्या-निळ्या लाइटपेक्षा त्यावर किडे कमी येतात. पायरीवर एक, टेबलाजवळ एक, आणि एक मागच्या झाडाच्या बुंध्याशी वर तोंड करून, तिन्हीला वेगळी बटणं. १२ व्होल्टचे घेतलेत तर ओल्या बागेत जास्त सुरक्षित, आणि मेन लाइनवरचं काहीही लावायचं तर ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ट्रिप (वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, इलेक्ट्रिशियनकडूनच. झोपताना झाडावरचा लाइट बंद करा, पाखरांना रात्र हवी असते.

प्रश्न : पाण्याचं छोटं भांडं ठेवायचंय पण डासांची भीती.

उत्तर : जरूर ठेवा. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे साधं भांडं असेल तर दर चार-पाच दिवसांनी पूर्ण ओतून, आतून घासून नवीन पाणी भरा. घासायचं विसरू नका, अंडी भिंतीला चिकटलेली असतात. मोठं असेल तर गप्पी मासे सोडा. घरात लहान मूल असेल तर भांडं अगदी उथळ घ्या, त्यात दगड भरून वर जेमतेम बोटभर पाणी ठेवा, आणि मूल जवळ असताना नजर हटवू नका. भांडं तुमच्या नेहमीच्या खुर्चीवरून दिसेल असं ठेवा, पक्षी यायला लागले की तुम्हाला जागेवरून उठवणार नाही.